देवाचे दोन थेंब

मी महिला मंडळाची चिटणीस झाले ती केवळ मला लिहिता येत होतं म्हणून. शहापूर माझं माहेर. तिथे मी सातवी फायनल पास झाले होते. लग्न होऊन मुरबाड तालुक्यात, धसईपासून कोसभर आत आले तेव्हा त्या गावात सही करणाऱ्या बायका माझ्यासकट दोन होत्या, आणि दुसरीची सही तिची तिलाही पुन्हा वाचता येत नसे. त्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली. अध्यक्ष अर्थातच सासूबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्यांच्याखेरीज कुणी अध्यक्ष होऊ शकतं हे गावात माणसांनाच काय, बैलांनाही सुचलं नसतं. आमचे बैल नांगराला माझ्या सासऱ्यांचं ऐकत आणि गोठ्यात सासूबाईंचं.

मंडळ तोवर वर्षातून एक हळदीकुंकू करी आणि पापड लाटी. दारूबंदीचं वारं आमच्या मंडळात शिरलं ते एका बाजाराच्या दिवशी. ठाण्याहून एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. शाळेच्या पडवीत धोतर टांगून त्यांनी त्यावर दिव्याच्या यंत्राने चित्रं दाखवली. विलायतेत आणि अमेरिकेत, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, बायकांनी दारूविरुद्ध केलेल्या चळवळीची ती चित्रं होती. मोठाले घोळदार झगे घातलेल्या, डोक्याला टोपडी बांधलेल्या बायका बर्फात, गुत्त्याच्या दारात गुडघे टेकून प्रार्थना करताहेत. छातीवर पांढरी फीत. घरोघर जाऊन माणसांकडून शपथेच्या कागदावर सह्या घेताहेत. बाई सांगत होत्या, की या बायकांना मताचा अधिकार नव्हता, सभेत बोललं तर लोक हसत, अंगावर बादलीभर पाणी ओतत; तरी त्या हटल्या नाहीत.

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. व्याख्यान संपल्यावर त्यांनी एकच शंका विचारली: या बायका रस्त्यावर गुडघे टेकून बसल्यावर त्यांच्या घरी भाकऱ्या कोण थापत होतं? बाई हसल्या आणि म्हणाल्या, पुस्तकात ते दिलेलं नाही. परतीच्या वाटेवर ओढा ओलांडताना सासूबाई म्हणाल्या, "बरफात बसल्या गो त्या. आन् आमी वाडीवर जायला उनाला भितो."

तेव्हा दारूबंदी होऊन सात-आठ वर्षं झाली होती. म्हणजे दुकानं बंद झाली होती, दारू बंद झाली नव्हती. डोंगराखालच्या आदिवासी वाडीत मोहाची फुलं पूर्वीसारखीच पडत, आणि ओहोळाच्या काठाने धूरही पूर्वीसारखाच निघे. फरक एवढाच, की आता धुराच्या मागोमाग कधीकधी पोलीस येत.

सासूबाईंनी चळवळ जशी पाहिली तशीच उचलायची ठरवली. आधी पांढरी फीत. सासऱ्यांचं एक जुनं धोतर मी फाडलं, पट्ट्या केल्या, कडा दुमडून शिवल्या. पट्ट्या वाटायला काढल्या तर एकही बाई हात पुढे करीना. पांढरं आणि तेही छातीवर, नवरा जिवंत असताना? त्यांचं खरंच होतं. राणीच्या मुलखातल्या बायकांना ही अडचण आली नसावी. शेवटी मी सगळ्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुचकळल्या. फीत पिवळी झाली, आणि घाम आला की चोळीही पिवळी झाली. वाडीवर आमचं नाव 'हळदीच्या बाया' पडलं. कुणाच्या लग्नाहून परत येताय, असं लोक वाटेत विचारत.

मग गुडघे टेकणं. तिथे अडचण अशी, की आमच्याकडे गुत्ताच नव्हता. बंदीत गुत्ता कुठून असणार? दारात बसायचं तर कुणाच्या? सासूबाई म्हणाल्या, पहिलं घर लागेल त्याच्या. एका मंगळवारी आम्ही अकरा जणी वाडीवर गेलो. पहिल्या घराच्या अंगणात सासूबाईंनी पदर सावरला, डोळे मिटले आणि गुडघे टेकले. आम्हीही टेकले. मी सगळ्यांच्या मागे टेकले, म्हणजे पळायची वेळ आली तर पहिली मी.

घरातून एक बाई बाहेर आली. काळीसावळी, काटक, हातात भात पाखडायचं सूप. तिने आमच्याकडे पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि सासूबाईंजवळ वाकून विचारलं, "काय पडला गो, आये?"

सासूबाई प्रार्थनेत होत्या, बोलल्या नाहीत. मोठ्या घरची बाई मातीत गुडघे टेकून बसलीय म्हणजे नथीतला मोती नाहीतर मंगळसूत्रातला मणी पडला असणार, असं त्या बाईने धरलं आणि तीही गुडघ्यांवर बसून शोधू लागली. शेजारीण आली, तिची पोरं आली. कुणीतरी केरसुणीने धूळ गोळा केली, सुपात घेऊन पाखडली. थोड्याच वेळात अख्खी वाडी आमच्याबरोबर गुडघ्यांवर होती. विलायतेतल्या बायकांना हे यश पहिल्या दिवशी मिळालं नसेल. धुळीतून एक काळा मणी, बैलाचं एक घुंगरू आणि तांब्याची एक फुटकी अंगठी निघाली. ती बाई तिन्ही वस्तू तळहातावर ठेवून सासूबाईंना विचारत होती, यातलं तुमचं कोणतं?

सासूबाईंनी डोळे उघडले. उठायला गेल्या तर गुडघे उठेनात. त्यांना वात होता. दोघींनी धरून त्यांना ओट्यावर बसवलं. त्या बाईने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन सासूबाईंनी सभेसाठी पाठ केलेल्या शुद्ध भाषेत सांगितलं, की मद्यपान हे कुटुंबाच्या विनाशास कारण होते. बाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, होतं ना, माझ्याच घरी झालं. आणि तिने जे सांगितलं ते ऐकताना मी वहीत काही लिहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या मुलीचं लग्न होतं. मांडव उभा राहिला, हळद लागली, मागच्या दारी दोन मडकी भरून ठेवली होती. ऐन लग्नात पोलीस आले. मडकी फोडली आणि नवऱ्या मुलाला, त्याच्या बापाला आणि हिच्या नवऱ्याला हळदीच्या अंगाने तालुक्याला चालवत नेलं. अर्धं लग्न तसंच राहिलं. मुलगी अंगाची हळद न धुता चार दिवस बसून होती. नवरा मुलगा सुटून आला, पण त्याच्या घरचे म्हणाले, पोरगी पांढऱ्या पायाची. आणि त्याला दुसरीकडे उजवला. हळद लागलेली पण लग्न न झालेली मुलगी आता ना इकडची ना तिकडची. ती आईबापांबरोबर दर साल कल्याणकडे वीटभट्टीवर जात होती. आई हे सांगत असताना ती थोरली घराच्या दारात उभी होती आणि आपल्याविषयी नसून पलीकडच्या कुणाविषयी बोलणं चाललंय अशा चेहऱ्याने ऐकत होती.

आता धाकटीचं लग्न ठरलं होतं, चैत्रात.

"आये," ती बाई म्हणाली, "धाकटीच्या लग्नात दारू नको. पन धवळेरी पायजे. तू येवढी शिकलेली मान्सं घेऊन आलीस, तर दोन्ही कर."

धवळेरी म्हणजे त्यांच्यात लग्न लावणारी म्हातारी. तिथे भटजी नसतो. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढतात आणि त्यापुढे बसून धवळेरी गाते. तिने गायल्यावर देव जागा होतो, आणि देव जागा झाला तरच लग्न लागलं. देवापुढे मोहाची दारू पडल्याखेरीज मात्र ती गाणं पुरं करत नाही. दारू नको तर धवळेरी नाही, धवळेरी नाही तर लग्न नाही, आणि दारू आहे तर पोलीस आहेत. सासूबाईंनी मोठ्या उत्साहाने हो म्हणून टाकलं. एका म्हातारीला समजावायचं तर आहे, असं त्या मला वाटेत म्हणाल्या.

म्हातारी तीन दिवसांनी आमच्या ओसरीवर आली. चिमुकली, पाठीत वाकलेली, ओसरीवर बसली तर पाय खाली टेकत नव्हते. तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं, की अध्यक्ष दोन आहेत. सासूबाईंनी मुद्दा मांडला: देवाला प्यायला लागतं ना, मग दुसरं काही द्या. त्यांनी तयारी ठेवली होती. नारळाचं पाणी झालं. कोकमाचं सरबत झालं. मध घातलेलं दूध झालं. म्हातारीने एकेक भांडं हातात घेतलं, सगळं पिऊन टाकलं, प्रत्येकाला चांगलं म्हणाली आणि प्रत्येक वेळी ओठ पुसून सांगितलं, देव याने उठायचा नाही.

इथे माझ्या हातून चूक झाली. सासूबाईंची पंचाईत पाहून मला काय सुचलं कोण जाणे, मी फडताळातली त्यांची द्राक्षारिष्टाची बाटली आणली. पचनासाठी त्या जेवणानंतर दोन चमचे घेत. औषध आहे, द्राक्षांचं आहे, देवाला चालेल, असं मी म्हणाले.

म्हातारीने बूच काढून वास घेतला. बोट बुडवून चाटलं. मग तिच्या सगळ्या सुरकुत्या एकदम हसल्या.

"ही हाय ना," ती म्हणाली. "जरा हलकी हाय. तू घेतेस?"

"औषद हाय ता," सासूबाई म्हणाल्या.

"किती येला?"

"दोन येला. जेवल्याव."

"मंग देवापरीस तूच जास्ती पितेस गो. त्याला दोन थेंब, ते पन लगनातच."

सासूबाईंनी मला बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. सही करू शकणारी सून घरात असल्याचा त्यांना तेवढा एकदाच पस्तावा झाला असेल. खाली बारीक अक्षरात मद्यार्काचा उल्लेख होता. मी आधी वरचं सगळं सावकाश वाचलं, मनुका, धायटीची फुलं, दालचिनी. पण शेवटी तिथे यावंच लागलं. म्हातारी तोवर ओसरीवरून उतरली होती. जाताना सांगून गेली, की बाटलीतलं चांगलं आहे, पण द्राक्षं कुठल्या मुलखातली कोण जाणे. आमच्या देवाला त्याच्या झाडाचीच लागते, मोहाची.

त्या दिवसापासून सासूबाईंनी अरिष्ट बंद केलं. आठ दिवस घरात कुणी त्यांच्याशी मोठ्याने बोललं नाही. अपचन आणि पश्चात्ताप एका माणसात एकत्र आले की बाकीच्यांनी गोठ्यात कामं काढावीत. पण त्या आठ दिवसांत त्यांनी विचार केला होता. नवव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, मोठ्या लोकांना दारूचं परमिट मिळतं ना? मिळत होतं. शहापुरात आमच्या आळीला एका कंत्राटदाराला डॉक्टरच्या दाखल्यावर मिळालं होतं, आणि त्याची प्रकृती आळीत सगळ्यांत उत्तम होती.

"मंग देवाला का नाय?" सासूबाई म्हणाल्या.

दारूबंदीवाल्या मंडळाची अध्यक्ष आणि चिटणीस, दोघी छातीवर पिवळी फीत लावून, तालुक्याच्या कचेरीत दारूचं परमिट मागायला गेल्या. कारकुनाने आधी फीत पाहिली, मग आम्हाला पाहिलं आणि मुकाट्याने फॉर्म दिला. तो मी भरला. अर्जदाराचं नाव: देव. राहणार: वाडी. वय: सासूबाई म्हणाल्या, लिव, जुना हाय. आजाराचं स्वरूप या रकान्यात मी अडले. आजार काही नाही, लग्नापुरता उठत नाही एवढंच, असं सासूबाईंनी कारकुनाला समजावून दिलं. कारकून गरीब माणूस होता. तो हसला नाही. त्याने नियम सांगितला, की अर्जदाराने तपासणीसाठी सरकारी दवाखान्यात समक्ष हजर राहायचं असतं. सासूबाईंनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, की तो हजर राहील, पण धवळेरी गाईल तेव्हा, आणि धवळेरी गाईल ती थेंब मिळाल्यावर, तेव्हा आधी परमिट द्या. कारकुनाने टाक खाली ठेवला आणि आम्हाला आतल्या साहेबांकडे पाठवलं.

साहेब मोकळेपणी हसले. आम्हाला चहा पाजला. म्हणाले, आजी, दोन थेंबांसाठी कोण धरतंय? खुशाल करा. तुम्ही आला नाहीत, मी काही ऐकलं नाही.

मला हे फारच आवडलं. काम झालं म्हणून मी एसटीत खिडकीची जागा धरली. सरळगाव मागे पडलं तेव्हा सासूबाई बोलल्या.

"सायबान आयकला नाय म्हंजे काय झाला गो? सायब काय लगनाला येनार नाय. पोलीस येनार."

कंत्राटदाराचा कागद त्याच्या खिशात होता. वाडीचा कागद साहेबांच्या हसण्यात होता, आणि हसणं काही मांडवात दाखवता येत नाही.

मग दोन अध्यक्षांची दुसरी बैठक झाली, या वेळी वाडीवर. सासूबाईंनी म्हातारीला असा प्रश्न विचारला जो तिला कधी कुणी विचारला नव्हता: नक्की किती थेंब? म्हातारीने डोळे मिटले, गाणं मनात म्हणून पाहिलं आणि सांगितलं, देवाचे दोन. मग मडकी कशाला? मडकी माणसांची. आणि तुझी दारू कशाला? म्हातारी म्हणाली, रात्रभर गायचं तर गळा सुकतो. तिथे खरी ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं: देवाचे दोन थेंब राहतील, माणसांची मडकी जातील, म्हातारीच्या गळ्याला मंडळ गुळाचा चहा पुरवील, वाटेल तितक्या वेळा. आणि ते दोन थेंब वाडीत कुणाच्या घरात, कुणाच्या हातात राहणार नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "माज्या हातात ऱ्हातील. गावली तर माज्या हातात गावंल."

दोन थेंबांना मडकं नको, बाटलीही मोठी नको. माझे डोळे आले होते तेव्हा डॉक्टरांनी दिलेली औषधाची रिकामी बाटली घरात होती, रबरी टोपीच्या काचेच्या नळीची. तिच्यातून थेंब अगदी थेंबाएवढा पडे. सासूबाईंनी ती रिठ्याने घासली, उकळत्या पाण्यात घातली, उन्हात वाळवली. देवाला डोळ्यांचं औषध लागायला नको, म्हणाल्या. म्हातारीने तिच्यात तळापुरती मोहाची भरून दिली.

लग्नाला आम्ही अकरा जणी होतो. नवऱ्याकडची माणसं मांडवात मयताला आल्यासारखी बसली होती. नवऱ्याच्या मामाने दोनदा उठून मागचं दार पाहिलं आणि दोन्ही वेळा तिथे चहाची चूल आणि मी दिसले. म्हातारी आदल्या संध्याकाळपासून गात होती. तिच्या गळ्यापायी मी इतका चहा केला, की गुळाच्या वासाने मला पुढे वर्षभर मळमळे. सकाळी उन्हं मांडवात आली तेव्हा गाणं शेवटाकडे आलं होतं. तेवढ्यात ओहोळापलीकडून दोन सायकली दिसल्या.

पोलीस दोघे होते. (माझी मुलं म्हणतात, आई, मागच्या वेळी सांगितलंस तेव्हा एकच होता. मागच्या वेळी मी चुकले होते.) एक पोक्त, एक कोवळा, घाटावरचा. त्यांनी कोठारात काठी घातली, पेंढा उपसला, मागची मडकी एकेक हुंगली, सगळ्यांत पाणी. मांडवात कुणी हललं नाही. मुलीच्या आईने मात्र एक केलं. ती उठली, नवऱ्या मुलाच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. थोरली दारात उभी होती, दोन्ही हात चौकटीवर.

धवळेरी थांबली नाही. पण गाण्यात थेंब पडायची जागा आली होती, आणि थेंबांशिवाय पुढची ओळ नव्हती. ती तीच ओळ पुन्हा म्हणू लागली, पुन्हा, पुन्हा, आणि म्हणताना सासूबाईंकडे पाहत होती. कोवळा पोलीस चौकापासून दोन हातांवर उभा. मी चुलीमागे. मनातल्या मनात मी त्या साहेबांची प्रार्थना केली, ज्यांनी काही ऐकलं नव्हतं.

सासूबाई उठल्या. कनवटीची बाटली काढून त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"दारू माज्याकडं हाय," त्या म्हणाल्या. "देवाला दोन थेंब घालतंय, मंग मला न्या. नवऱ्याला हात लावायचा नाय."

कुणी काही बोलायच्या आत त्या चौकापुढे बसल्या. वाताचे गुडघे टेकले, तेही कुणाचा हात न धरता. रबरी टोपी दाबली. आधी नुसता बुडबुडा आला, मग एक थेंब, दुसरा, आणि थांबवायच्या आत तिसरा.

"तीन पडलं," सासूबाई घाबरून म्हणाल्या.

म्हातारीने ओळ तोडली नाही. ती पुरी करून, श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात म्हणाली, "पडू दे. येक थोरलीचा."

आणि पुढची ओळ म्हटली. मी दाराकडे पाहिलं. थोरलीने चौकटीवरचे हात खाली घेतले होते.

पुढचं सगळं सरकारी होतं. कोवळ्याने वही काढली आणि जबाब घ्यायला बसला. नाव लिहिलं. काय करता, विचारलं. सासूबाई म्हणाल्या, अध्यक्ष हाय, दारू बंद करायच्या मंडळाची. त्याने तेवढं लिहिलं, वाचलं आणि पोक्त्याला दाखवलं. पोक्त्याने ते वाचून टोपी काढून डोकं खाजवलं. दोघे बाजूला जाऊन बोलले. परत येऊन म्हणाले, बाटली तरी द्या. सासूबाईंनी ठणकावलं, बाटली सुनेच्या डोळ्यांची आहे, गुन्हा माझा आहे, मला न्या. बाईमाणसाला असं नेता येत नाही, वर विचारावं लागेल, मग येऊ, असं म्हणून दोघे डाळभात जेवले आणि गेले. सायकली ओहोळापार होईपर्यंत मुलीच्या आईने जावयाचं मनगट सोडलं नाही. सोडलं तेव्हा पाची बोटं उमटली होती. लग्नात नवऱ्याने नवरीचा हात धरायचा, इथे सासूने जावयाचा धरला, असं म्हणून मामा त्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

आता सासूबाईंना नेणार कधी? त्यांनी पिशवी भरली: दोन लुगडी, जपमाळ, दातांची मिश्री. चार दिवस सायकलची घंटा वाजली की त्या उठून उभ्या राहत. पाचव्या दिवशी स्वतःच तालुक्याला गेल्या. तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. आपल्याकडे असा कागद आलेला नाही, असं त्यांना सांगण्यात आलं आणि पुन्हा चहा पाजण्यात आला. त्या फार अपमानित होऊन घरी आल्या. मग त्यांनीच सभा बोलावली आणि सांगितलं, सरकार शिक्षा देत नाही तर मंडळाने द्यावी. अध्यक्षाने दारू हाताळली आहे, तेव्हा मी उतरते. बायकांनी खूप विनवलं. त्या ऐकल्या नाहीत. बरं, मग नवी अध्यक्ष कोण? सही कुणाला येते?

अशी मी अध्यक्ष झाले. माझ्या कारकिर्दीत मंडळाने प्रामुख्याने लोणची घातली. वाडीतले पुरुष प्यायचे ते पीतच राहिले. धाकटीचा नवराही सणासुदीला घेई. पण मांडवात मडकी पुन्हा आली नाहीत, नि मांडवातून कुणाला नेलंही नाही.

आणि थोरली. म्हातारीने तेव्हा सांगून टाकलं होतं, की देवाने तिचा थेंब घेतला आहे, अर्धं राहिलेलं लग्न आता अर्धं नाही, तिच्यावर आता काही नाही. धवळेरी म्हणाली म्हटल्यावर वाद कोण घालणार? पुढच्या चैत्रात खर्डीकडचा एक मुलगा तिला बघून गेला. मांडव उभा राहिला. आदल्या दिवशी तिची आई आमच्या ओसरीवर आली आणि सासूबाईंकडे न पाहता माझ्याकडे पाहत म्हणाली, बाटली अध्यक्षाच्या हातात असायची, असं ठरलंय ना?

त्या लग्नात मी ओहोळावरचा रस्ता सोडून काहीही पाहिलं नाही. पोलीस आले नाहीत. तरी मी रस्त्याकडे बघतच टोपी दाबली, थेंब किती पडले ते मला कळलंच नाही. मी दोनच म्हणत होते. म्हातारीने गाणं आवरल्यावर सगळ्यांसमोर मोजून सांगितलं, पाच.

थोरलीला पुढे पाच मुलं झाली. वाडीत त्याचा बोल अजून माझ्याकडे येतो.